धक्का कुणी सोसायचा?

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आदल्या रात्री बारा वाजून गेले होते, घरोघरी मखरं तयार होती, आणि विरार पूर्वेच्या विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. १७ माणसं गेली. चाळ रिकामी होती म्हणून आकडा तिथे थांबला. ज्यांचं छप्पर गेलं त्या कुटुंबांची पहिली सोय आमच्या चंदनसारच्या समाजमंदिरात झाली.

ती इमारत भूकंपाने पडली नव्हती. त्या रात्री जमीन हलली नव्हती. हे पुस्तक मात्र भूकंपाविषयी आहे, भूकंपाचा धक्का स्वतःत जिरवून इमारतीला वाचवणाऱ्या साधनांविषयी आहे. तरीही सुरुवात रमाबाई अपार्टमेंटपासून करतो आहे, कारण या पुस्तकाची गरज मला त्यानंतरच्या एका सभेत कळली.

चंदनसारमधल्या एका सोसायटीने इमारतीच्या सुरक्षिततेवर बोलायला बोलावलं होतं. खाली पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, चारही बाजूंनी कॉलम, डोक्यावर चार मजले. बोलणं संपल्यावर मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "सर, मोबाइलवर बघितलं, जपानमध्ये बिल्डिंगला शॉकअप बसवतात. भूकंप आला तरी बिल्डिंगला काही होत नाही. आपल्या बिल्डिंगला बसवता येतील का?" मी घाईत उत्तर दिलं की ते मोठ्या टॉवरसाठी असतं, आपल्याकडे आधी ऑडिट करून घ्या. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. त्या बाईंनी योग्य प्रश्न विचारला होता आणि त्यांना योग्य उत्तर मिळायला हवं होतं. ते द्यायला पुस्तकभर जागा लागली.

प्रश्नाच्या मुळाशी जायचं तर भूकंपात इमारतीचं नेमकं काय होतं ते आधी पाहावं लागेल. भूकंप इमारतीला बाहेरून ढकलत नाही. पायाखालची जमीन एकदम सरकते, वरच्या मजल्यांचं वजन मात्र आपल्या जागीच राहू पाहतं, आणि या ओढाताणीत मधले कॉलम सापडतात. लोकल झटका देऊन सुटली की पाय पुढे जातात आणि धड मागे राहतं; विरारकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. इमारतीच्या वाट्याला असे झटके एकामागून एक येतात, कधी दहा-पंधरा सेकंद, कधी मिनिटभर. प्रत्येक झटक्यासरशी जमीन इमारतीत ऊर्जा ओतत असते.

ही ऊर्जा कुठेतरी जिरलीच पाहिजे. ती हवेत नाहीशी होत नाही. इमारतीत तिच्यासाठी जागा ठरवून ठेवलेली नसेल, तर ती स्वतःची जागा शोधते: कुठे वीटभिंतीला तडा जातो, कुठे बीमच्या टोकाशी काँक्रीट फुटतं, कुठे कॉलमच्या माथ्याशी सळया उघड्या पडून वाकतात. हे सगळे ऊर्जा जिरण्याचेच प्रकार आहेत. म्हणून इमारतीच्या अभियंत्यापुढे खरा प्रश्न असतो तो एवढाच: धक्का कुणी सोसायचा? चार मजले ज्यावर उभे आहेत त्या कॉलमने, की त्यासाठीच मुद्दाम बसवलेल्या आणि नंतर बदलता येणाऱ्या एखाद्या भागाने?

घरच्या घरी करून पाहण्यासारखी एक गोष्ट सांगतो. साइटवर रिंगा बांधायला जी मऊ काळी तार वापरतात, तिचा वीतभर तुकडा घ्या. एकाच जागी दहा-बारा वेळा वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा, आणि ती जागा लगेच ओठाला टेकवून बघा. गरम लागते. तुमच्या हाताने घातलेली शक्ती तारेत जिरली आणि उष्णता होऊन बाहेर आली. तार मोडेपर्यंत ती तुमच्या हाताची शक्ती खात राहते. आता हातात खडू घ्या आणि तसाच वाकवायला जा. खडू वाकत नाही, तापत नाही, एका क्षणात तुटतो. नुसतं काँक्रीट हे खडूसारखं असतं; त्यात नीट बांधलेली सळई घातली की त्याला तारेचा गुण येतो. भूकंपरोधक बांधकामाचं सारं शास्त्र या दोन तुकड्यांत आहे: इमारतीला खडूसारखी तुटू द्यायची नाही, तारेसारखी वाकू द्यायची, आणि ती कुठे वाकेल हे आपण आधी ठरवायचं.

दुसरा दाखला झोपाळ्याचा. झोपाळ्याला एक झोका देऊन सोडलं तर तो हळूहळू थांबतो. कड्यांचं घर्षण आणि हवा मिळून त्याची गती खातात. इमारतही अशीच झुलते. तिचाही एक ठरलेला झोका असतो. ढोबळ हिशेब दर मजल्याला सेकंदाचा दहावा भाग असा धरतात. म्हणजे आपल्याकडच्या चार मजली इमारतीचा एक झोका साधारण ०.४ सेकंदाचा. जमिनीचे धक्के नेमके त्याच तालावर येऊ लागले की झोका वाढत जातो, जसा झोपाळा योग्य वेळी ढकलला की उंच जातो. झोका कमी करणाऱ्या गुणाला शमन म्हणतात. नेहमीच्या काँक्रीट इमारतीच्या आराखड्यात हे शमन ५ टक्के धरलं जातं. अशा इमारतीला एकदा झुलवून सोडलं आणि पहिला झोका १०० मापाचा असला, तर पुढचा ७३ चा होतो आणि तीन झोक्यांनंतर ३९ उरतो. साधनं बसवून शमन २० टक्क्यांवर नेलं, तर पुढचाच झोका २८ चा होतो आणि तिसऱ्यानंतर जेमतेम २ उरतो. भूकंप मिनिटभर इमारतीला हलवत असताना हा फरक फार मोठा ठरतो, कारण एका धक्क्याचा झोका विरून जातो आणि पुढच्या धक्क्याला इमारत पुन्हा जवळजवळ स्थिर उभी असते.

ऊर्जा जिरवणारी ही साधनं चार घराण्यांची आहेत, आणि पुस्तकाचा मधला भाग त्यांनाच दिला आहे.

पहिलं घराणं वाकणाऱ्या पोलादाचं. आपल्या काळ्या तारेचंच मोठं रूप. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात ही कल्पना पुढे आणली की इमारतीत पोलादाचे काही तुकडे मुद्दाम असे बसवावेत, जे मुख्य सांगाड्याच्या आधी वाकतील आणि भूकंपानंतर काढून नवे लावता येतील. जपानमध्ये याच तत्त्वावर एक तिरका टेकू तयार झाला: मधे पोलादी पट्टी, भोवती काँक्रीट भरलेली नळी, आणि दोन्ही एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे एक थर. साधी पट्टी दाबली की फाकून बाहेर पडते. ही पडत नाही. ताणात आणि दाबात ती सारखंच काम देते.

दुसरं घराणं घर्षणाचं. गाडीचा ब्रेक जे करतो तेच. तिरक्या टेकूच्या मधोमध पोलादी पत्रे एकमेकांवर ठेवून बोल्टने आवळतात. ठराविक जोर येईपर्यंत ते हलत नाहीत. जोर त्याच्या वर गेला की घासत सरकतात आणि ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. हा जोर कॉलमच्या शक्तीपेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणून आधी पत्रे सरकतात आणि कॉलम शाबूत राहतो. कॅनडात माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात काम केलेल्या अवतार पाल या भारतीय वंशाच्या अभियंत्याने १९८० च्या सुमारास हे साधन विकसित केलं आणि पुढे ते त्यांच्याच नावाने जगभर ओळखलं गेलं. आपल्या देशात गुरुग्राममधल्या १८ मजली निवासी इमारतींमध्ये ते बसवलं गेलं आहे.

तिसरं घराणं त्या बाईंच्या शॉकअपचं. बंद नळकांड्यात दाट सिलिकॉन तेल, त्यात दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक छिद्रं. इमारत झुलली की दट्ट्या पुढे-मागे होतो, तेल छिद्रांतून जोराने घुसतं आणि तापतं. याचा एक गुण विशेष मोलाचा आहे. हे साधन वेगाला विरोध करतं. इमारत एका बाजूला पूर्ण कलून क्षणभर थांबते तेव्हा तिचा वेग शून्य असतो आणि कॉलमवरचा ताण सर्वाधिक असतो. नेमक्या त्याच क्षणी हे साधन कॉलमवर जादा ओझं टाकत नाही. मेक्सिको सिटीतली ५५ मजली तोरे मायोर ही इमारत अशाच साधनांच्या भरवशावर एका मोठ्या भूकंपप्रवण शहरात उभी आहे. उंच टॉवरच्या माथ्यावर टांगलेला लोलक हा याच कुळातला एक वेगळा प्रकार. तैपेई १०१ मधला गोळा ६६० टनांचा आहे, पण त्याचं मुख्य काम वाऱ्याने होणारं झुलणं कमी करणं, म्हणून त्यावर मी फार पानं खर्च केलेली नाहीत.

चौथं घराणं सर्वांत मुळाशी काम करतं: धक्का आत येऊच द्यायचा नाही. इमारत आणि पाया यांच्यामध्ये रबर आणि पोलादाच्या पातळ थरांच्या जाड गाद्या ठेवतात. वरचं वजन त्या पेलतात, पण आडव्या दिशेने सैल असतात. खाली जमीन झटके देत राहते, वर इमारत दोन-अडीच सेकंदांच्या संथ झोक्यात डुलते. न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी या गादीच्या पोटात शिशाचा दंडगोल बसवला. शिसं वाकताना ऊर्जा खातं आणि साध्या तापमानालाच पुन्हा पूर्ववत होतं. काळी तार शेवटी तुटते, शिसं पुन्हा कामाला उभं राहतं. वेलिंग्टनमधली विल्यम क्लेटन इमारत १९८१ मध्ये अशा गाद्यांवर उभी राहिली. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला तेव्हा गाद्यांवर उभं असलेलं तिथलं एक विद्यापीठ रुग्णालय चालू राहिलं.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर लातूर जिल्ह्यात जावं लागेल. ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता, जगाच्या मापाने मध्यम. पण सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसं गेली. घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. उन्हाळ्यात गार आणि पिढ्यानपिढ्या टिकलेलं ते घर जमीन हलल्यावर मात्र खडू ठरलं: भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटले आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. किल्लारी त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ज्या भागाला कुणी भूकंपाचा म्हणत नव्हतं, त्याच भागात हे घडलं.

पुनर्वसनात ५२ गावं नव्याने वसवली गेली. त्यातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे आणि माझ्या मते प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवी. नव्या किल्लारीत दोन एकमजली इमारती रबरी गाद्यांवर बांधल्या गेल्या, एक शाळेची आणि एक दुकानांची. विटांच्या भिंती, काँक्रीटचं छत, अगदी साध्या इमारती. पण पायाशी अलगीकरणाचं हे तंत्र भारतात पहिल्यांदा दाखवलं गेलं ते तिथे. मुंबईच्या काचेच्या टॉवरमध्ये नव्हे, मराठवाड्यातल्या एका गावच्या शाळेत. ज्या गावाने सर्वांत जास्त सोसलं, त्याच गावात धक्का न सोसणारी इमारत उभी राहिली. या तंत्राचं मराठी पुस्तक लिहिताना मला त्या शाळेचा मोठा आधार वाटला.

महाराष्ट्राचा धडा किल्लारीपाशी सुरू होत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, सुमारे दोनशे माणसं दगावली, कोयनानगरची बहुतेक घरं मोडली, धरणाला तडे गेले. धरण टिकलं आणि नंतर बळकट केलं गेलं. दख्खनचा कातळ हलत नाही, हा आपला समज त्या पहाटे मोडला. तिसरा धडा शेजारच्या गुजरातने दिला. २६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी भुजचा भूकंप झाला, सुमारे १३,८०० माणसं गेली. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्येही बहुमजली इमारती पडल्या, आणि त्यातल्या अनेकींचं एकच लक्षण होतं: खाली मोकळं पार्किंग, नुसते कॉलम, वर भिंतींनी भरलेले ताठ मजले. वरचा डबा ताठ राहिला, खालचे पाय मोडले. भुजचं जिल्हा रुग्णालयही पडलं. नंतर त्याच्या जागी चार मजली नवं रुग्णालय उभं राहिलं ते शिसं-रबराच्या गाद्यांवर. भूकंपात इतर काहीही पडो, जखमींना जिथे न्यायचं ते ठिकाण पडता कामा नये, हा विचार त्या बांधकामामागे आहे.

आणि चौथा धडा आपल्या जिल्ह्याचा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन पुन्हा पुन्हा हलू लागली. धुंदलवाडी हे नाव तेव्हा रोज बातमीत असे. विरारहून सुटणारी लोकल जिथे थांबते त्या डहाणू रोडपर्यंतचं अंतर अवघं ६४ किलोमीटर, त्यामुळे हे हादरे आपल्या दारातलेच. बहुतेक धक्के लहान होते, मोठ्यांची तीव्रता चारच्या आसपास. तरी हळदपाड्यात धक्क्याच्या वेळी पळापळीत पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. कुटुंबं थंडीत तंबूत झोपली. ज्यांच्या कुडाच्या भिंती होत्या, कारवीच्या काठ्या आणि शेणमातीच्या, त्यांच्या घरात एक गोष्ट पाहायला मिळते: अशी भिंत हलकी असते, काठ्या वाकतात, गिलावा भेगाळतो आणि गळतो, पण अंगावर दगड येत नाहीत. सिमेंटचा कॉलम नीट बांधला नसेल तर तो कुडापेक्षा धोकादायक असतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता चंदनसारकडे येऊ. वसई-विरार भूकंपाच्या नकाशात तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात आहे. किल्लारी आज त्याच पट्ट्यात मोजली जाते. २००९ मध्ये महापालिका झाली, चंदनसार तिची प्रभाग समिती 'सी' झाली. इथे पश्चिम रेल्वेने रोज मुंबईला जाऊन येणाऱ्या माणसांना परवडणारी घरं पाहिजे होती आणि ती झपाट्याने उठली. परवानगी घेऊन बांधलेल्या चांगल्या इमारती इथे आहेत. आणि ज्यांचा आराखडा कुणी तपासला नाही, ज्यांना भोगवटा प्रमाणपत्र नाही, अशाही आहेत. महापालिकेने रमाबाई अपार्टमेंट अनधिकृत असल्याचं सांगितलं. ती वीस वर्षांचीही झालेली नव्हती. तीस वर्षांवरील इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक करणारा कायदा तिच्यापर्यंत पोचलाच नसता.

अशा इमारतींत मला कुठे पाहायला आवडतं ते सांगतो: कॉलमच्या माथ्यापाशी, जिथे तो बीमला मिळतो. बांधकाम चालू असताना तिथल्या रिंगा दिसतात. रिंग म्हणजे उभ्या सळयांना कवेत धरणारी चौकोनी कडी. तिचं टोक नुसतं काटकोनात, ९० अंशांत वाकवलेलं असेल तर धक्क्यात काँक्रीटचा पापुद्रा सुटला की रिंग उघडते, उभ्या सळया फाकतात आणि कॉलम खडूसारखा जातो. तेच टोक १३५ अंशांत आत वळवलेलं असेल, काँक्रीटच्या गाभ्यात रुतलेलं असेल, तर रिंग उघडत नाही आणि कॉलम तारेसारखा वाकून उभा राहतो. भारतीय प्रमाण १३९२० हेच सांगतं: १३५ अंशांचा हूक, आणि कॉलमच्या दोन्ही टोकांशी रिंगांमधलं अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. दोन्ही रिंगांच्या सळईत आणि खर्चात फरक नगण्य. फिटरच्या हाताचा एक जादा झटका, एवढाच. चार मजल्यांखाली झोपणाऱ्या माणसांचा जीव त्या एका झटक्यावर असतो. मी साइटवर गेलो की आधी रिंगेचं टोक बघतो, मग बाकी सगळं.

दुसरी गोष्ट खाडीची. समुद्राच्या आणि वैतरणेच्या खाडीच्या जवळ राहणाऱ्या आपल्यासारख्यांना खारी हवा चुकत नाही. त्यात न धुतलेली खाडीची रेती काँक्रीटमध्ये गेली असेल तर मीठ सळईपर्यंत आतूनच पोचतं. सळई गंजते, फुगते, वरचं काँक्रीट सोलून टाकते. बाथरूमच्या स्लॅबखाली, पाण्याच्या टाकीखाली, जिन्याच्या कडेला जे तांबूस डाग आणि पोपडे दिसतात, ते रंगाने झाकायचे नसतात. सळई जितकी बारीक होते तितकी तिची वाकण्याची, म्हणजे धक्का जिरवण्याची ताकद घटते.

आता त्या बाईंचं उत्तर. आपल्या बिल्डिंगला शॉकअप बसवता येतील का? तत्त्वतः येतील. जुन्या इमारतींत ही साधनं जगभर बसवली गेली आहेत. पण तीन गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात.

पहिली अशी की ही साधनं हालचालीवर जगतात. इमारत झुलेल तेव्हाच ती काम करतात. भिंतींनी ठासून भरलेली चार मजली इमारत वर फारशी झुलत नाही, म्हणून वरच्या मजल्यांत ती बसवून लाभ थोडा. आपल्याकडे हालचाल साठते ती खालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, आणि उपाय करायचा तर तिथेच: योग्य जागी काँक्रीटच्या भिंती, तिरके पोलादी टेकू, आणि गरज व ऐपत असेल तर त्या टेकूंमध्येच घर्षणाची किंवा वाकणाऱ्या पोलादाची साधनं. सभेला आम्ही जिथे सतरंज्या घालून बसलो होतो, नेमकी तीच जागा.

दुसरी, साधन स्वतः हवेत उभं राहत नाही. जो जोर ते खातं तो बोल्टवाटे कॉलम-बीममध्येच उतरतो. काँक्रीट भुसभुशीत असेल, सळई गंजलेली असेल, तर पहिल्याच झटक्यात साधन बोल्टसकट उपटून बाहेर येईल. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, हातोडीच्या आणि ध्वनिलहरींच्या चाचण्यांसह. मग गळती आणि गंज. मग कमकुवत कॉलमचं जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचं कवच. मग पार्किंगच्या मजल्याला बळ. आणि त्यानंतर ऊर्जा जिरवणारी साधनं. हा क्रम उलटा करून कुणी साधन विकायला आला तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवा. इमारत न पाहता, आराखडा न मागता जो खर्चाचा आकडा सांगतो त्याच्यावरही विश्वास ठेवू नका.

तिसरी, सर्वांना सगळं एकदम मिळणार नाही, म्हणून सार्वजनिक पैसा कुठे आधी लागावा हे आपण बोललं पाहिजे. माझं मत स्पष्ट आहे. महापालिकेचं रुग्णालय, अग्निशमन केंद्र, आपत्ती नियंत्रण कक्ष आणि शाळा. शाळा दुहेरी कारणासाठी: दिवसा तिथे मुलं असतात, आणि संकटाच्या रात्री बेघर झालेली माणसं तिथेच येतात. चंदनसारच्या समाजमंदिराने २०२५ च्या ऑगस्टमध्ये हेच काम केलं. धक्क्याच्या रात्री जिथे माणसं आसऱ्याला जाणार, ती वास्तू सर्वांत भक्कम हवी. नव्या किल्लारीच्या शाळेने आणि भुजच्या रुग्णालयाने हे आपल्या देशात, आपल्या हातांनी करता येतं हे दाखवलं आहे. अशा गाद्यांवरच्या इमारतींसाठी भूकंपाविषयीच्या भारतीय प्रमाण १८९३ चा स्वतंत्र भागही २०२२ मध्ये आला. आता कमी आहे ती मागणीची.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात जमीन का हलते आणि इमारत कशी झुलते. दुसऱ्यात कोयना, किल्लारी, भुज आणि डहाणू-तलासरीचे धडे. तिसऱ्यात ऊर्जा जिरवणाऱ्या साधनांची चार घराणी, आकृत्यांसह. चौथ्यात जुन्या इमारतीची तपासणी आणि बळकटी. आणि शेवटी सोसायटीच्या सभेत, बिल्डरला आणि महापालिकेला विचारायचे प्रश्न. गणित जिथे टाळता आलं तिथे टाळलं आहे; जिथे टाळलं असतं तर फसवणूक झाली असती, तिथे ठेवलं आहे. तांत्रिक शब्दांसाठी फिटर, सेंट्रिंगवाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी जे बोलतात तेच शब्द वापरले आहेत, कारण पुस्तक त्यांच्या हातात जावं अशी इच्छा आहे.

ज्या फिटरांनी आपल्या सवयीच्या रिंगा पुन्हा वाकवून दाखवल्या आणि प्रश्न विचारले, ज्या सोसायट्यांनी आपले पार्किंग आणि तळघरं मोजू दिली, आणि जी बाई मागे उभी राहून न घाबरता बोलली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. अभियंत्यांकडून मी नियम शिकलो. इमारतीत राहणं म्हणजे काय हे या माणसांकडून शिकलो.

वाचकांना एकच विनंती. भूकंप कधी येईल हे आजही कुणी सांगू शकत नाही, पण तो आला तर आपली इमारत कुठून मोडेल हे आज, दिवसाउजेडी पाहता येतं. या रविवारी आपल्या पार्किंगमध्ये उतरा. प्रत्येक कॉलमच्या माथ्याशी आणि तळाशी पाहा: तडा आहे का, पोपडा आहे का, तांबूस डाग आहे का. दिसलं ते कागदावर लिहा, आणि पुढच्या सभेत तो कागद सर्वांसमोर वाचून ऑडिटचा ठराव मांडा. घर घेताना आपण टाइल्स बघतो, खिडकी बघतो, स्टेशन किती लांब ते विचारतो. धक्का कुणी सोसायचा, हेही विचारायला आपण शिकलं पाहिजे. हा प्रश्न आधी विचारला नाही, तर तो धक्का आपल्या माणसांना सोसावा लागतो.

चंदनसार, विरार (पूर्व)